काराजिलग्याला न उघडणारा कागद

सोनुनबूला डोंगरातल्या, नदीकाठच्या नारीन शहराच्या आसपासची गावं आवाजावरून ओळखू यायची. कुठल्या गावची बाई बोलायच्या आधी दोनदा खोकते, कुठला कारकून नाव सांगायच्या आधी गाऱ्हाणं सुरू करतो, कुठल्या फोनमागं कायम कुत्रं भुंकतं, सगळं तिच्या कानात बसलेलं. त्यातली चार-दोन सोडली तर बाकीची गावं तिनं डोळ्यांनी बघितलेली नव्हती. विसाव्या वर्षी ती टेलिफोनच्या एक्स्चेंजात खुर्चीवर बसली आणि बावीस वर्षं या गावाची तार त्या गावाला जोडत राहिली. पंचक्रोशीतली लग्नं, मयतं, बाळंतपणं आधी तिच्या कानावरून गेली आणि मग घराघरांत पोचली. त्यातल्या एकाही घरी तिनं कधी चहा घेतला नव्हता.

मग तारा जोडणारं यंत्र आलं. एक्स्चेंजातल्या अकरा बायकांतल्या दहा कुणी बाजारात लोकर विकायला बसल्या, कुणी रशियात गेल्या. सोनुनबू मागं राहिली, कारण तिला कुठं जायचंच नव्हतं. नवरा तुगोलबाय आधीच येकातेरिनबुर्गला ट्रक चालवायला गेला होता आणि तिथंच त्यानं दुसरी चूल मांडली होती. त्यानं पत्रातून तसं कळवलं, हिनं पत्र वाचून घडी घालून ठेवलं आणि संध्याकाळी नेहमीसारखं पीठ मळलं. फक्त एका माणसाचं मळलं, एवढाच काय तो फरक. पोरबाळ नव्हतं. रडायला वेळ होता, पण रडून दाखवायला समोर कुणी नव्हतं, तेव्हा तेही राहून गेलं.

सरकारनं तिला जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात टाकलं. तिथं नवा कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे त्याच्यापासून असे लांब सरकले, जसं काही ते लाथ मारणारं घोडं आहे. सोनुनबू म्हणाली, मी बघते. बघता बघता जुन्या वह्यांची पानं यंत्राखाली धरून त्यांची चित्रं करणं, ती साईटवर चढवणं, साईट बंद पडली की उठवणं, हे सगळं तिच्याच गळ्यात पडलं. साहेब महिन्यातून एकदा दारात उभा राहून विचारायचा, चाललंय ना? ती म्हणायची, चाललंय. एवढाच दोघांचा संवाद.

साईटचं काम सोपं होतं. गावच्या माणसाला जुन्या वहीतली नोंद हवी असली की अर्ज करायचा. सोनुनबू ते पान शोधून चढवायची आणि एक आकडा द्यायची. माणसानं आपल्या ग्रामकचेरीत जायचं, तिथल्या कारकुनानं आकडा टाकायचा, की शिक्क्यासकट नक्कल खाली उतरायची. मेलनं नक्कल पाठवायला वरून बंदी होती आणि फोनवर सांगितलेल्या शब्दाला कुणी विचारत नव्हतं.

त्या साली मार्चात, एका मंगळवारी, खिंडीपलीकडच्या काराजिलग्याहून जिपारगुलचा फोन आला. जिपारगुल तिथल्या ग्रामकचेरीतली कारकून. तिशीतली, तोंडानं फटकळ, मनानं सरळ.

"एजे, तुमचा कागद उतरंना," ती म्हणाली. तिकडं थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आणि सोनुनबू अख्ख्या जिल्ह्याची एजे होती. "पट्टी निळी निळी होत पार टोकाला जाती, आन् मग मशीन म्हंतंय, फाईल सापडत न्हाई. माझा नवरा असाच हाय बघा. किल्ली मुठीत धरून घरभर किल्ली हुडकतोय."

सोनुनबूनं आकडा विचारला. जिपारगुलनं सांगितला, आणि सोनुनबूचा हात पेनसकट थांबला. तो आकडा तिला पाठ होता. त्या पानाची नक्कल तिनंच केली होती आणि ते पान तिनं वाचलं होतं. नको तिथं नजर घालू नये हे तिला एक्स्चेंजातच शिकवलेलं, पण एवढ्या वर्षांत डोळे आपोआप वाचायला लागले होते.

अर्ज होता एसेनकुल म्हाताऱ्याचा. वय अठ्ठ्याहत्तर. काराजिलग्याचा अक्साकाल, म्हणजे ज्याच्या शब्दावर गाव उठतं-बसतं असा पांढऱ्या दाढीचा माणूस. त्याच्या नातीचं, मेरिमचं, शेजारच्या वाडीतल्या पोराशी जमलं होतं. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, आयांनी तोंडं गोड केलेली. मग दोन्हीकडचे म्हातारे बसले आणि बापापासून वर सात नावं मोजायला लागले. सातांच्या आत दोघांचा एकच पूर्वज निघाला तर ते बहीण-भाऊ. तिथं लग्न होत नाही, मग पोरगी विहिरीत उडी घेते म्हणाली तरी होत नाही. मोजता मोजता पाचव्या नावाला दोन्ही रांगा एकाच माणसावर येऊन थांबल्या.

तेव्हा एसेनकुल म्हणाला होता की, थांबा, मला दफ्तरातून एक कागद आणू द्या. कसला कागद ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पोराच्या बापानं शुक्रवारपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं. शुक्रवारी कागद आला तर त्याची बायको मेरिमच्या कानात कुडी घालून सोयरिक पक्की करणार, नाही आला तर दोन्ही घरं आपापल्या वाटेनं जाणार. पोराला दुसरीकडून सांगून आलेलंही होतं.

हे सगळं जिपारगुलनंच भडाभडा सांगितलं. कागदात काय आहे ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं सोनुनबूला.

तिनं सर्व्हरची नोंद उघडून बघितली. कोणता कागद किती वाजता कुणाला दिला, ते तिथं ओळीनं लागतं. काराजिलगा, दहा वाजून चार मिनिटं, कागद पूर्ण दिला. दहा वाजून नऊ, पूर्ण दिला. दहा वाजून वीस, पूर्ण दिला. इकडून सगळा गेलेला, तिकडं काहीच पोचलेलं नाही.

"तुमच्याकडची लाईन खराब असेल," ती म्हणाली.

"लाईन खराब असती तर तुमचा आवाज आला असता का? उगं गरिबाच्या लायनीला नाव ठेवू नका."

तेही खरं होतं. तिनं जिपारगुलला 'उघडा' दाबायच्या ऐवजी 'साठवा' दाबायला लावलं. तेच उत्तर. मशीन बंद करून चालू करायला लावलं. तेच. दुसऱ्या ब्राउझरनं बघ म्हणाली, तर दुसरा नव्हता. मशीन जुनं, आणि त्यात नवं काही घालायचा पासवर्ड ज्याच्याकडं होता तो पोरगा मॉस्कोत बांधकामावर गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. सोनुनबू म्हणाली, मी कागदावर नक्कल काढून गाडीनं पाठवते. जिपारगुल हसली. "एजे, खिंड परवापास्नं बंद हाय. बर्फ छातीएवढं. पाठवा, उन्हाळ्यात मिळंल."

त्या दिवशी सोनुनबूनं आणखी तीन कचेऱ्यांना फोन केले. दोघांकडं कागद उतरत होते, त्यांच्याकडं नवी मशीनं होती. तिसरीकडचा कारकून म्हणाला, आमच्याकडं तर हिवाळाभर एक कागद उतरलेला न्हाई. मग सांगितलं का नाहीस, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हीच बंद केलंय. सरकारी साईट. चालली तर नवल."

हिवाळाभर. ती फोन ठेवून तशीच बसून राहिली. हिवाळाभर माणसं बर्फ तुडवत कचेरीत गेली, आकडा टाकला, हात हलवत परत आली, आणि कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आणि ती इथं नोंदीत 'पूर्ण दिला, पूर्ण दिला' वाचून समाधानानं दिवा मालवून घरी जात होती.

बुधवारी सकाळी तिनं अडगळीच्या खोलीतून एक जुनं मशीन ओढून काढलं. काराजिलग्यातल्या मशीनच्याच वयाचं. त्याच्यावरची धूळ पुसली, तार जोडली आणि एसेनकुलचा आकडा टाकला. पट्टी भरत गेली, टोकाला पोचली, आणि मशीन म्हणालं, फाईल सापडत नाही.

तिला बरं वाटलं. दुखणं डोळ्यांसमोर दिसलं की निम्मं हलकं होतं.

मग तिनं जिपारगुलला साईटवरचा कोरा अर्ज उतरवायला सांगितला. तो एका फटक्यात उतरला. तोच सर्व्हर, तीच लाईन, तेच मशीन. कोरा अर्ज उतरतो आणि नक्कल उतरत नाही. म्हणजे फरक कागदात नव्हता, कागदाबरोबर जाणाऱ्या सांगाव्यात होता.

सर्व्हर कुठलीही फाईल नुसती पाठवत नाही. तिच्या डोक्यावर चार ओळींचा सांगावा लावून पाठवतो. माणसाला तो दिसत नाही, ब्राउझर वाचतो आणि तसा वागतो. हा कागद कसला, केवढा, जवळ किती दिवस ठेवायचा. कोऱ्या अर्जाच्या डोक्यावर ठेवण्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. नकलांच्या डोक्यावर एक ओळ जास्त होती. तिचा अर्थ एवढाच की, हे कुठंही साठवू नकोस.

ती ओळ सोनुनबूनंच घातली होती.

झालं होतं असं. आदल्या शरदात एका गावात एका बाईनं आपल्या जन्माची नक्कल उतरवली. बाई कागद घेऊन घरी गेली, पण मशीननं एक प्रत आपल्या पोटात ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी पत्ते खेळायला कॉम्प्युटरवर बसलेल्या एका रिकामटेकड्यानं ती उघडली. जिला ती बाई जन्मभर थोरली बहीण म्हणत आली, ती तिची आई निघाली. दिवेलागणीपर्यंत गावाला कळलं. त्या बाईनं सोनुनबूला फोन केला होता. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. एवढंच म्हणाली, "एजे, तुम्ही कागद नीट झाकून दिला नाही."

त्या आठवड्यात सोनुनबूनं कुणाला न विचारता ती ओळ प्रत्येक नकलेवर चढवली. उभ्या नोकरीत स्वतःच्या मनानं केलेलं हे तिचं एकच काम. त्याचा तिला आतल्या आत अभिमान होता. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तो मुरत गेला होता.

आता तिच्या ध्यानात आलं. नवे ब्राउझर ती ओळ वाचतात, पण माणसानं कागद मागितलाय हेही समजून घेतात, आणि कागद देतात. जुना ब्राउझर सांगितलेलं सोडून इंचभर हलत नाही. कागद दाखवायचा तर तो आधी कुठं तरी टेकवावा लागतो आणि मग दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामाला सांगावं लागतं, तिथनं उचल. याला टेकवायचीच बंदी. मग तो अख्खा कागद घेतो, हुकूम पाळायला तिथल्या तिथं टाकून देतो, आणि दुसरा प्रोग्राम उचलायला जातो तर जागा रिकामी. वाटेत कुणी वाचू नये म्हणून साईटवर कुलूप लावून पाठवायची सोय चालू केल्यापासून तर तो आणखीच काटेकोर झाला होता.

ओळ काढली की कागद उतरणार होता. एका मिनिटाचं काम. सोनुनबूनं बोटं कळांवर ठेवली आणि काढून घेतली.

कारण कागद उतरला की तो काराजिलग्याच्या मशीनच्या पोटात राहणार होता. आणि त्यात लिहिलेलं होतं, एकोणीसशे तेहतीस साल, घर क्रमांक सतरा, मुलगा, वय अंदाजे सहा, तलास खोऱ्याकडून आणलेला, आईबाप नाहीत, नाव आबदिल्दा. आबदिल्दा हा एसेनकुलचा बाप. म्हणजे म्हाताऱ्यानं जन्मभर ज्या सात नावांवर छाती काढली, त्यातलं बापाच्या वरचं एकही त्याचं नव्हतं. नातीचं लग्न मोकळं होत होतं, आणि म्हातारा स्वतःचं आणि बापाचं अशा दोन नावांवर येऊन उघडा पडत होता.

तिनं फोन लावला. म्हाताऱ्याला बोलाव म्हणाली.

"तो हितंच हाय की," जिपारगुल म्हणाली. "कालपास्नं माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसलाय. मी जेवाय उठली तरी हलंना. एजे, त्यो मशीनकडं असा बघतोय, जसं काय ते दूध देणार हाय."

फोन त्याच्या हातात गेला. आधी नुसता श्वास आला.

"अक्साकाल," सोनुनबू म्हणाली, "दोष माझा होता. कागद आता उतरेल. पण उतरला की मशीनमध्ये मागं राहतो. नंतर बसणाऱ्याला दिसू शकतो."

"तू वाचलास?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "वाचला," ती म्हणाली.

"तलास लिहिलंय का त्यात?"

"लिहिलंय."

मागं जिपारगुल शेगडीत शेणी टाकत असल्याचा खडखडाट ऐकू आला.

"आमची आजी मरताना म्हणाली होती," तो म्हणाला. "तापात बरळती म्हणून मी सोडून दिलं. चाळीस वर्षं सोडून दिलं." मग आवाज खाकरून त्यानं विचारलं, "ते मागं राहतं ते पुसता येतं का?"

"मी जिपारगुलला एक एक पायरी सांगते. मी सांगीन तसं तिनं केलं तर काही राहत नाही."

"मग उतरव. पोरगी दोन दिवस जेवली न्हाई."

सोनुनबूनं त्या एका नकलेवरची ओळ काढली. काराजिलग्यात पट्टी भरली, टोकाला गेली, आणि पहिल्यांदाच मशीन गप्प राहिलं. कागद उघडला. फोन उघडाच होता. जिपारगुल मोठ्यानं वाचायला लागली, घर क्रमांक सतरा, आणि म्हातारा तुटक आवाजात म्हणाला, "मला डोळे हाईत." तिच्याही ध्यानात आलं असणार, कारण छापलेला कागद यंत्रातून काढताना ती एकदाही फटकळ बोलली नाही.

मग पुसायचं काम. इथं जा, हे दाब, ते रिकामं कर, आता कचऱ्याची पेटीही रिकामी कर, मशीन बंद कर, पुन्हा चालू कर, पुन्हा बघ. पाऊण तास गेला. शेवटी जिपारगुल हळू आवाजात म्हणाली, "न्हाई एजे, आता कायबी न्हाई." सोनुनबूनं ओळ परत चढवली.

गुरुवारी तिनं उरलेल्या साईटची डागडुजी केली. बाकीच्या नकलांवर आता असं लिहिलं की, ज्याला दिलंय त्याच्यापुरतं ठेव, आणि थोडाच वेळ ठेव. जुनं मशीनही तेवढं ऐकतं. मागचं पुसायचं कसं ते तिनं पानभर लिहून सगळ्या कचेऱ्यांना पाठवलं आणि हिवाळाभर हात हलवत गेलेल्यांना पुन्हा बोलवा म्हणून एकेकाला फोन केला. एसेनकुलच्या कागदावर तेवढी जुनी कडक ओळ तशीच ठेवली.

शुक्रवारी ती दिवसभर फोनजवळून हलली नाही. एकदा साहेब दारात येऊन चाललंय ना म्हणून गेला. फोन आला नाही. का यावा? लग्नघरी शंभर कामं असतात, आणि तार जोडून देणारीला कुणी निरोप धाडत नसतं. हे तिला कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. संध्याकाळी तिनं फडक्यात बांधलेले दोन कुरूत, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, तोंडात घोळवले आणि पुलावरून घरी गेली.

सोमवारी जिपारगुलनं कुणाच्या तरी दुसऱ्याच कामासाठी फोन केला. काम झाल्यावर जाता जाता सांगितलं की, पोरीच्या कानात कुडी पडली. पोराच्या बापानं कागद वाचला, घडी घातली, म्हाताऱ्याच्या हातात परत दिला आणि कुणाला एक अक्षर बोलला नाही. म्हाताऱ्यानं तो तिथंच शेगडीत घातला.

"पण एजे, एक झालं. मानाची जागा त्याची. घरात दारासमोरच्या भिंतीकडं त्यो बसल्याबिगर आजवर कुणी घास उचललेला न्हाई. शुक्रवारी त्यो दाराजवळ बसला, पोरासोरांच्या जोड्यांपाशी. समद्यांनी ओढलं. म्हणाला, गुडघं दुखत्यात, मला हितनं उठाय सोपं."

सोनुनबूनं फोन ठेवला आणि पुढचं पान यंत्राखाली धरलं.

बुधवारी दहाला पुन्हा काराजिलगा. जिपारगुलचा आवाज दबका होता. म्हातारा आलाय म्हणाली. तो कागद त्याला परत बघायचाय. छापून नको म्हणतोय, घरात ठेवायला जागा न्हाई म्हणतोय, सुना हाईत, पोरं हाईत. नुसता बघायचाय.

"काय सांगू त्याला?"

"बसव," सोनुनबू म्हणाली आणि ओळ काढली.

पुढच्या बुधवारी तो आला. त्याच्या पुढच्याही. खिंड उघडली, मेंढरं वर कुरणात गेली, मेरिम सासरी गेली, तरी बुधवारी दहाला तो घोड्यावरून उतरायचा आणि जिपारगुलच्या खुर्चीशेजारी बसायचा. ती ओळ त्या एका कागदावरून कायमची काढून टाकता आली असती, नाही तर बुधवारपुरती आपोआप निघेल अशी सोय करता आली असती. सोनुनबूला ते चांगलं येत होतं. तिनं केलं नाही. बुधवारी ती पावणेदहालाच चहाची किटली खिडकीत ठेवून, दुसरं काही हातात न घेता बसायची.

फोन यायचा. ती ओळ काढायची. तिकडं पट्टी भरत जायची आणि कागद उघडायचा. मग तिकडं शेगडीचा आवाज, म्हाताऱ्याचा श्वास, एखादं घोडं बाहेर खूर आपटायचं. इकडं खिडकीखालची नदी.

"बघतोय," जिपारगुल एकदा कुजबुजायची.

"बघू दे."

किटली निवायची. बऱ्याच वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, काठी टेकल्याचा, मग दाराचा.

"गेला एजे. पुसू?"

"पूस," सोनुनबू म्हणायची, आणि पहिली पायरी सांगायला लागायची. जिपारगुलला त्या सगळ्या पायऱ्या केव्हाच पाठ झाल्या होत्या. तरी ती मधे बोलत नसे.